जामीनदार म्हणून सही मागितली तर तुमच्या घरी काय करता?

कृष्णाकाठ

पैशाच्या बाबतीत आयुष्यात घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय कुठला असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, आमच्या घरातून कुणीही कुणाच्या कर्जाला जामीन राहायचं नाही हे आम्ही नवराबायकोनी लग्न झाल्या झाल्याच ठरवून टाकलं. हे ऐकून बऱ्याच जणांना आम्ही आखडू वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि तुमच्याकडे हे प्रकरण कसं हाताळता तेही वाचायचंय.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, घरची शेती. आबांनी २००५ साली त्यांच्या आतेभावाच्या कर्जाला सही दिली. पोल्ट्रीच्या शेडसाठी तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं कर्ज होतं. काका अगदी सरळ माणूस, पहाटे उठून स्वतः खाद्य टाकणारा. शेड उभी राहिली, पहिली बॅच चांगली गेली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. नवापूर कुठे आणि आमचं गाव कुठे, आमच्या भागात एक पक्षी आजारी नव्हता, पण लोकांनी चिकन आणि अंडी खायचंच सोडलं, दर इतके पडले की खाद्याचासुद्धा खर्च निघेना. काकांनी मिळेल त्या भावात पक्षी विकून टाकले, शेड रिकामी झाली आणि हप्ते थकले ते थकलेच.

हे मुद्दाम सांगतेय, कारण जामीनदार अडकला म्हटलं की लोक पहिलं विचारतात, कर्जदार लबाड होता का? नव्हता हो. माणूस चांगला आहे म्हणून कर्ज फिटेलच असं काही नसतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंधच नाही, आणि आपण सही देताना मात्र फक्त माणूस बघतो.

पुढचं सगळं कागदावर झालं. नोटीस आली, मग दुसरी आली, मग आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात पतसंस्थेचा बोजा चढला. बँक पीककर्ज देईना, खतासाठी दुकानदाराकडे उधारी वाढत गेली, आणि शेवटी विहिरीजवळचं रान विकून आबांनी ते मिटवलं. मी तेव्हा शाळेत होते. आबांबरोबर एकदा त्या ऑफिसात गेले तेव्हा साहेबांनी जामीनपत्र काढून दाखवलं, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. छापील फॉर्म, गाळलेल्या जागा दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात नंतर भरलेल्या, आणि खाली जिथे जिथे सही पाहिजे तिथे पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या. प्रत्येक फुलीवर आबांची सही. वर काय लिहिलंय ते आबांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं, कारण भावाच्या कागदावर सही करताना वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं असं त्या पिढीला वाटायचं. आबांना मी यात दोष देत नाही. त्यांनी नातं निभावलं, आणि निभावताना एका शब्दानेही काकांचा अपमान केला नाही. काकांनी त्यांच्या परीने पुढे कित्येक वर्षं थोडे थोडे आणून दिले.

आता आमचा नियम असा की सही नाही, पण आपल्याला झेपेल तेवढी रक्कम सरळ हातात द्यायची, आणि देतानाच मनात धरायचं की ही परत आली नाही तरी आपल्या घरात भांडण होणार नाही. गेल्या वर्षी ह्यांच्या एका जवळच्या मित्राने दुकानाच्या कर्जासाठी विचारलं. ह्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की जामीन राहणार नाही, पण पन्नास हजार देतो, जमेल तसे दे. मित्र रागावला, महिनाभर फोन नव्हता. आज येणंजाणं आहे, पैसेही निम्मे परत आलेत. नाही म्हणण्याची वेळ यायच्या आधीच नाही ठरलेलं असेल तर ते शांतपणे म्हणता येतं, हा माझा अनुभव. ऐनवेळी विचार करायला बसलात तर समोरचा माणूस चहा घेत बसलेला असतो, लहानपणीच्या आठवणी निघतात, आणि सही होऊन जाते.

खडू_फळा

ताई, अगदी मनापासून पटलं. आमच्या शिक्षकांच्या पगारदार पतसंस्थेत तर दोन सभासद जामीन असल्याशिवाय कर्जच मिळत नाही, त्यामुळे स्टाफरूममध्ये तू मला दे मी तुला देतो असं चालतं. कर्जदार सेवेत आहे तोवर कुणाला काही कळत नाही, कारण हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. पण एखादा आजारपणामुळे बिनपगारी रजेवर गेला, निलंबित झाला किंवा नोकरी सोडून गेला की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते आणि ती कळते कधी तर पगाराची स्लिप हातात आल्यावर. माझ्या एका सहकारी मॅडमच्या बाबतीत हे झालंय, मुलाच्या क्लासची फी भरायच्या महिन्यातच. नाही म्हणायला तिथे फार अवघड जातं, रोज एका टेबलावर डबा खायचा असतो.

जुनी_खतावणी

मी पतसंस्थेत आधी क्लार्क, मग वसुली अधिकारी आणि शेवटी व्यवस्थापक म्हणून काम करून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे सहीला येणाऱ्या दहातल्या नऊ माणसांची समजूत अशी की आधी कर्जदाराचं घरदार विकणार, मग काही उरलं तर आपल्याकडे येणार. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही ठरलं असेल तरच फरक पडतो. म्हणजे संस्था पहिल्या दिवशी तुमच्या दारात आली तरी ती चुकत नाही. आणि खरं सांगायचं तर वसुलीवाला आधी तिथेच जातो जिथे वसूल होईल. ज्याची जमीन चांगली, ज्याचा पगार पक्का आणि ज्याला गावात अब्रूची काळजी, त्याचंच दार आधी वाजतं. मार्च एंडला मी स्वतः हे केलेलं आहे, ते माझं काम होतं, पण समोर बसलेल्या त्या माणसांचे चेहरे बघवायचे नाहीत.

सहकारी संस्थेची वसुली साध्या दिवाणी दाव्यापेक्षा बरीच वेगाने होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पुढे कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती, लिलाव. या दाखल्याविरुद्ध रिव्हिजनला जायचं तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि ते बहुतेकांना झेपत नाही. म्हणून नोटीस आली की ती घ्या, तारखेला हजर राहा, जे म्हणणं असेल ते लेखी द्या. पाकीट घेतलं नाही तर प्रकरण आपोआप थांबेल या समजुतीने मी कित्येक चांगली माणसं अडचणीत आलेली पाहिली आहेत.

दुसरी समजूत, मी नंतर जामीनकीतून नाव काढून घेईन. कर्ज एकदा उचललं गेलं की तुमच्या एकट्याच्या अर्जावर नाव निघत नाही, संस्थेला दुसरा तितकाच दमदार जामीनदार द्यावा लागतो आणि तो संस्थेने मान्य करावा लागतो. कॅश क्रेडिटसारखं चालू राहणारं खातं असेल तर लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती जामीनकी थांबवता येते, करार कायद्याच्या कलम १३० मध्ये ती सोय आहे, पण आधीची बाकी तुमच्या डोक्यावर राहतेच.

आणि जामीनदाराला काहीच हक्क नाहीत असंही नाही. तुम्ही पैसे भरलेत तर भरलेल्या रकमेपुरते तुम्ही संस्थेच्या जागी येता, कर्जदाराचं जे तारण असेल त्यावर तुमचा हक्क येतो आणि त्याच्याकडून वसुलीचा दावा लावता येतो. जामीनदार दोघे असतील तर बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो, एकट्याने सगळं भरलं असेल तर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो. पण त्यासाठी पावती तुमच्या नावाची पाहिजे! लोक कर्जदाराच्या खात्यात रोख भरून कर्जदाराच्याच नावाची पावती घेऊन घरी जातात, आणि पुढे सिद्ध काय करणार?

डोंगरवाट

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कुणी. आमच्या घरात जमीन नव्हती, वडील ऊसतोडीला जायचे. मला आयटीआयनंतर वेल्डिंगचं दुकान टाकायचं होतं तर बँकेत उभं करत नव्हते. माझ्या शाळेतल्या सरांनी सही दिली. सरांच्या घरच्यांनी तेव्हा नक्कीच म्हटलं असणार की कशाला या भानगडीत पडता. त्या सहीवर माझं दुकान उभं राहिलं, आज माझ्याकडे चार पोरं कामाला आहेत, आणि दिवाळीला मी पहिला फराळ सरांकडे घेऊन जातो.

सगळ्यांनीच ठरवलं की आम्ही सही देणार नाही, तर ज्याच्या नावावर काहीच नाही त्याने जायचं कुठे? सावकाराकडेच ना? आमच्या आईच्या बचत गटात सगळ्या बाया एकमेकींच्या कर्जाला जबाबदार असतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या घरी जाऊन बसतात, पैसे घालतात, नवऱ्याला समजावतात. ती जामीनकीच आहे आणि तिने किती घरं उभी राहिलीत हे मी डोळ्याने बघितलंय. म्हणून सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ

डोंगरवाट दादा, राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. तुमचं वाचून मी बराच वेळ विचार करत होते. बचत गटाचं मला वेगळं यासाठी वाटतं की तिथे रक्कम आवाक्यातली असते, दर महिन्याला मीटिंग होते, कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतं. आबांना काकांचे हप्ते थकलेत हे नोटीस येईपर्यंत माहीतच नव्हतं, काकांना सांगायची लाज वाटली आणि संस्थेने कळवलं नाही. तुमच्या सरांनाही तुमचं दुकान रोज येताजाता दिसत असणार. म्हणजे सही दिल्यावर त्या कर्जाकडे लक्ष ठेवायची तयारी आणि तशी जागा असेल तर गोष्ट बदलते, हे मी मान्य करते. तरी आमचा निर्णय आमच्यापुरता तोच राहील, कारण विकलेलं रान काही परत आलेलं नाही, आणि माझ्या मुलींच्या वाट्याचं मी पणाला लावणार नाही.

शेवंती

मी इथे फार लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे मिस्टर गेले आणि वर्षभराने मला नोटीस आली की त्यांनी कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिले होते. मला या कर्जाबद्दल काहीही माहिती नव्हती. ज्यांचं कर्ज होतं ते कोण हेही मला शेजाऱ्यांना विचारावं लागलं. त्या दिवसात मला पैशापेक्षा जास्त कशाचा त्रास झाला असेल तर यांनी मला सांगितलं का नाही याचा, आणि विचारायला माणूस समोर नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की ही उगाच काळजी करेल. बहिणींनो आणि भावांनो, सही द्यायची तर द्या, पण घरात सांगून द्या, आणि एका वहीत लिहून ठेवा कुणाचं, कुठलं, किती. माझं प्रकरण अजून चालू आहे. मला शाळेत शिपायाची नोकरी आहे, माझ्या पगारातून कापतील का ही भीती आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी_खतावणी

शेवंतीताई, आधी एक मोठी काळजी मनातून काढून टाका. जामीनदार गेल्यावर जबाबदारी वारसांवर येते खरी, पण ती फक्त त्यांच्याकडून तुम्हाला जे मिळालं तेवढ्यापुरती. त्यांच्या नावाचं शेत, घर, ठेवी यातलं जे वारसाने तुमच्याकडे आलं त्यातून वसुली होऊ शकते. तुमचा स्वतःचा पगार, तुमच्या माहेरचे दागिने, तुम्ही स्वतः कमावलेलं याला हात लावता येत नाही, तुम्ही स्वतः त्या कागदावर सही केलेली नसेल तर.

तुम्ही एक करा, संस्थेकडे लेखी अर्ज देऊन कर्ज मंजुरीपत्र, जामीनपत्र आणि कर्जखात्याचा उतारा यांच्या प्रती मागा, पोच घ्या. नंतर मुदत वाढवताना किंवा व्याजाचा दर बदलताना कागदावर तुमच्या मिस्टरांची संमती घेतलीय का ते बघा. करारातल्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या असतील तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो, करार कायद्याचं कलम १३३. पण जामीनपत्रातच आधी अशी संमती छापून घेतलेली असते बऱ्याचदा, म्हणून हा मुद्दा वकिलाला कागद दाखवूनच मांडा. आणि कर्ज एकदा दिलेलं असेल तर संस्था नुसती गप्प बसली, वसुली लांबवली, एवढ्यावरून सुटका होत नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कृपया लाजू नका, जा.

रानवारा

सगळ्यांचं वाचून मी पण विचारतो, कारण मी आत्ता यातच आहे. चाकणला कंपनीत आहे, लग्न ठरतंय, पुढच्या वर्षी वन बीएचके घ्यायचा विचार आहे. दाजींना ट्रान्सपोर्टसाठी नवीन गाडी घ्यायचीय, फायनान्सवाल्यांनी जामीनदार मागितलाय, आणि ताईचा फोन आला की तुझी सही पाहिजे, नुसती फॉर्मॅलिटी आहे, शनिवारी ये. ताईने मला शिकवलंय हो, वडील गेल्यावर तिने स्वतःचं कॉलेज सोडून मला पुढे पाठवलं. तिला नाही कसं म्हणू? दोन दिवस झोप नाही नीट.

खडू_फळा

रानवारा, एक व्यवहाराची गोष्ट सांगते. तू जामीन राहिलास की ते कर्ज तुझ्याही सिबिल रिपोर्टमध्ये दिसायला लागतं. तू होमलोनला गेलास की बँक ते बघते, आणि दाजींचा हप्ता थकला तर तुझा स्कोअर खाली येतो, तू स्वतःचा एकही हप्ता चुकवला नसलास तरी. आधी स्वतःचा रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. आणि शनिवारी सही करायला जाऊ नकोस, आधी फक्त कागद वाचायला म्हणून जा. मुदत, व्याज, हप्ता, आणि गाडी ओढून नेल्यावर बाकी राहिली तर ती कुणी भरायची हे विचार. शेवटचं लोक विचारतच नाहीत, गाडी लिलावात कमी पैशात जाते आणि फरक जामीनदाराकडे मागतात.

डोंगरवाट

भावा, मी वर सहीच्या बाजूने बोललो पण तुला सांगतो, ताईचं ऋण आणि दाजींचं कर्ज वेगळं ठेव. ताईसाठी काय करायचं ते आयुष्यभर कर. दाजींना आधी विचार की गाडीला काम कुठलं लागलंय, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, भाडं किती दिवसांनी मिळतं. माझ्या सरांनी मला बसवून तासभर हेच विचारलं होतं, कोटेशन बघितलं, वीज कनेक्शन कधी येणार ते विचारलं, आणि म्हणाले निम्मी मशिनरी सेकंडहँड घे. मी तेव्हा मनातून नाराज झालो होतो, पण त्यामुळेच माझा हप्ता बसला.

कृष्णाकाठ

रानवारा, फोनवर नको बोलूस, ताईच्या घरी जाऊन दोघांसमोर बोल. आणि जिच्याशी लग्न ठरतंय तिला आधी सांग, शेवंतीताईंनी काय लिहिलंय ते परत वाच. नाही म्हणायचं ठरलं तर कारणं देत बसू नकोस, एका कारणाला समोरच्याकडे उत्तर असतंच. मी सही देणार नाही पण अमुक एवढे देऊ शकतो, एवढंच. गाडी छोटी चालणार असेल तर मुद्रा योजना आहे, २०१५ पासून चालू, तिथे १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन मागायचा नसतो. बँका टाळाटाळ करतात हे खरंय, पण दाजींचे बँकेचे व्यवहार नीट असतील तर दोन-तीन शाखा फिरायला हरकत नाही.

रानवारा

अपडेट देतोय, उशीर झाला. शनिवारी गेलो. होणाऱ्या बायकोला आधी सांगितलं, ती म्हणाली तू ठरव पण मला आकडा कळू दे, तेवढ्यानेच अर्धं टेन्शन गेलं. दाजींना डोंगरवाट दादांनी सांगितलेले प्रश्न विचारले. कॉन्ट्रॅक्ट अजून तोंडीच होतं, लेखी काहीच नव्हतं, आणि हप्ता ताईला माहीतच नव्हता, तो ऐकून तिचाच चेहरा उतरला. मी म्हणालो सही नाही देत, डाउन पेमेंटला दीड लाख देतो, परतीची घाई नाही. दाजी उठून बाहेर गेले. ताई रडली, मला वाटलं माझ्यामुळे, पण ती म्हणाली मलापण हे कर्ज नको वाटत होतं, माझ्याच्याने त्यांना सांगवत नव्हतं.

आता नवीन मोठी गाडी रद्द झालीय, दाजी जुना छोटा टेम्पो बघताहेत, एका बँकेत मुद्राचा फॉर्म दिलाय, अजून उत्तर नाही. दाजी माझ्याशी मोजकंच बोलतात. साखरपुड्याला आले होते पण, आणि पाहुण्यांची सगळी ने-आण त्यांनीच केली. सगळ्यांचे खूप आभार.

शेवंती

रानवारा, तुझ्या ताईसाठी बरं वाटलं. जुनी खतावणी दादा, मी विधी सेवा समितीत जाऊन आले, वकील मॅडम चांगल्या आहेत, कागद मागितलेत. मूळ कर्जदाराने संस्थेत येऊन काही रक्कम भरायची तयारी दाखवलीय असं कळलं. एक विचारायचं राहिलं, पूर्ण भरणा झाला की शेताच्या सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप निघतो का?

जुनी_खतावणी

नाही निघत ताई, तो मागे लागून काढावा लागतो. पूर्ण भरणा झाल्यावर संस्थेकडून बेबाकी दाखला घ्या, शिक्का आणि जावक क्रमांक बघून घ्या. तो जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, किंवा ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइन करा. फेरफार मंजूर झाला की १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढून इतर हक्कातली ती ओळ कमी झालीय का ते स्वतः बघा. आणि तुमच्या मिस्टरांनी दिलेलं मूळ जामीनपत्र रद्द झाल्याची नोंद करून परत मागा, देतात ते.